बुधवारनंतरचा वार

सोमवार, २ फेब्रुवारी

ढापण्या,

वर आशीर्वाद लिहिणार होते, पण तू पाकीट उघडशील की नाही याचीच खात्री नाही, मग ते फुकट कशाला घालवा. फोन तर तू चार वर्षं उचलत नाहीस. मधे एकदा तुझ्या बायकोने उचलला आणि म्हणाली, ते अंधाऱ्या खोलीत आहेत. तुझ्या दुकानातल्या पासपोर्टच्या फोटोंना अंधारी खोली कधीपासून लागायला लागली? पण मी गप्प बसले. भावजयीशी भांडून आजवर कुठल्या नणंदेचं भलं झालंय.

तर बातमी अशी की फिल्म पुरी झाली. भट्टीच्या गल्लीची. नऊ वर्षांची. पहिली पाच वर्षं तू शूट केलीस, मग भाड्याचा एक पोरगा आणला, मग पैसे संपल्यावर मीच. माझे शॉट तू लांबून ओळखशील, सगळे डावीकडे कललेत.

तू सोडलीस तेव्हापासून गल्ली काही बदललेली नाही. जुन्या बॅटऱ्यांचा ढीग आता कुंपणाच्या वर आलाय एवढंच. अजून कोयत्यानेच फोडतात, ॲसिड गटारात सोडतात आणि आतलं शिसं भट्टीत वितळवतात. दोरीवरच्या कपड्यांवर, खिडकीच्या कठड्यावर, पोरांच्या बोटांवर तीच करडी पूड. भिंगरीचा बाप अजून तिथंच कामाला आहे. भिंगरी पंधरा वर्षांची झाली. तूच ठेवलेलं नाव, कॅमेऱ्यासमोर एक क्षण स्थिर राहायची नाही म्हणून. आता राहते.

येत्या रविवारी त्यांच्याच खोलीत फिल्म दाखवायची आहे. आपला नियम. आधी ज्यांची फिल्म त्यांनी बघायची, त्यांच्या घरात, त्यांच्या भिंतीवर, आणि त्यातल्या कुणीही, अगदी कुणीही, 'नको' म्हटलं तर ती बाहेर जायची नाही. गिरणीतल्या त्या बहिऱ्या झालेल्या बायकांनी लावला हा नियम आपल्याला. एकीच्या तोंडी दुसरीचं बोलणं चिकटवलंय, हे ओठ वाचून त्यांनी पकडलं होतं. तू लाजेने भिंतीकडे तोंड केलं होतंस. तीस वर्षं झाली, मी या नियमावर देशोदेशी भाषणं ठोकलीत, पोरांना शिकवलाय. आजवर कुणी 'नको' म्हटलं नाही, हा भाग वेगळा.

दोन गोष्टी अजून. त्या मोठ्या महोत्सवाने फिल्म घेतली. हो, त्याच, जिथून आपल्याला दरवर्षी गोड शब्दांत नकार यायचा. ते राहू दे. महत्त्वाचं हे, की गल्लीतल्या लोकांनी भट्टी हलवण्यासाठी जो दावा लावलाय त्यात वकीलबाई ही फिल्म पुरावा म्हणून देणार आहेत. मार्चअखेर सुनावणी आहे. रक्ततपासण्या जुन्या आहेत, अर्ध्या हरवल्यात, डॉक्टर साक्षीला कचरतात. त्या म्हणतात, नऊ वर्षांत एक मूल कसं झिजलं हे डोळ्यांनी दाखवणारं दुसरं काही आपल्याकडे नाही.

तुला कळतंय ना मी काय म्हणतेय? विहिरीच्या पाण्यावर केली, ते पाणी लोक अजून पितात. गिरणीवर केली, गिरणी बंद झाली ती मालकाला जागा विकायची होती म्हणून. इस्पितळाच्या कचऱ्यावर केली, तर त्यांनी आपल्यालाच प्रमाणपत्र दिलं. बाबा म्हणायचे तेच खरं, जन्मभर लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या. आता साठीला आल्यावर पहिल्यांदा वाटतंय, माझ्या एका फिल्मने एक भट्टी तरी विझेल.

रविवारी ये. शेवटी नावांची पाटी येते तिच्यात तुझं नाव पहिलं आहे.

तुझी,
ताई


मंगळवार, १० फेब्रुवारी

ढापण्या,

आला नाहीस. नाहीच येणार होतास.

तुझ्यावाचून काही अडलं नाही म्हणायला मी बसले होते, पण अडलं. प्रोजेक्टर पालथ्या खोक्यावर ठेवला तर भट्टीचा पंखा सुरू झाला की चित्र थरथरायचं. शेवटी भिंगरीच्या आईने खाली उशी घातली. खोलीत माणसं इतकी, की दोघी-तिघी खाटेखाली पाय सोडून बसल्या होत्या. पहिली पंधरा मिनिटं नेहमीची मजा. माझं पोट बघ केवढं दिसतंय, ही माझीच साडी तिच्या अंगावर कशी, मेली अजून परत दिली नाही. भिंगरीचा बाप स्वतःला बघून लाजला. धाकटीचा जन्म आला तेव्हा सगळ्यांनी तिला पुढे ढकललं. ती सहा वर्षांची आहे आता, पडद्यावरच्या स्वतःला हात लावून आली.

मग शाळेचा शॉट आला.

तुला वेगळं सांगायला नको, त्यापायीच तर तू गेलास. भिंगरी अकरा वर्षांची, फळ्यापाशी उभी, बाई तिला वार विचारतात. सोमवार, मंगळवार, बुधवार. थांबते. पुन्हा पहिल्यापासून. सोमवार, मंगळवार, बुधवार. पुन्हा थांबते. वर्ग हसायला लागतो. सबंध चार मिनिटं. महोत्सववाल्यांनी लिहिलंय, हा शॉट पाहून आमच्या निवड समितीत कुणी बोलू शकलं नाही.

खोलीत भिंगरी उठली, दारात जाऊन उभी राहिली, शेवटपर्यंत तिथंच होती. दिवा लावला आणि मी नेहमीसारखं विचारलं, चालेल ना सगळ्यांना? सगळे चालेल म्हणाले. एक म्हातारा तर म्हणाला, मालकाच्या घरासमोर लावा. तेवढ्यात दारातून ती म्हणाली,

"मला नको."

आई म्हणाली, तिचं काय ऐकताय. मी म्हटलं, नाही, नियम आहे, बोल बाळा, कुठला भाग नको? तर म्हणे, मी आहे तेवढा. आता ती नाही असा भाग कुठला? ती काढली तर उरतो नुसता धूर. तेही मी समजावलं. मग तिने मला समजावलं, शांतपणे, लहान मुलाला सांगावं तसं. ती संध्याकाळची एका बटणांच्या दुकानात जाते. रंगाप्रमाणे बटणं वेगळी करते, मोजून पुड्या बांधते. मालकीण खूश आहे. तिथं कुणाला ठाऊक नाही की ही भट्टीच्या गल्लीतली आहे, ठाऊक नाही की हिला शाळेत काय म्हणायचे. "फिल्म आली की तिथं पण बघतील ना, आत्या? मग मला मोजायला देतील का?"

प्रोजेक्टर गुंडाळला आणि आले.

चल, निघते. निघून कुठं जाणार म्हणा, घरातच आहे.

ताई


गुरुवार, १९ फेब्रुवारी

ढापण्या,

वकीलबाईंकडे जाऊन आले. बाई धारदार आहे, मला आवडते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही एवढ्या कसल्या खचलात? ती मुलगी कायद्याने अज्ञान आहे, अठराच्या आतली, आईबापांची संमती आहे, विषय संपला. मी म्हटलं, पण ती विचार करून नाही म्हणाली. तर वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "शिशाने हिची समज खाल्ली, हे आपण कोर्टात सांगणार आहोत. तिचा नकार समजून दिलेला आहे असं तुम्हीच धरलंत, तर आपला दावा कशावर उभा राहणार?"

कळलं का तुला, घोडं कुठं पेंड खातं ते? तिचं 'नको' मानायचं तर तिला समजतं हे मानायचं. आणि नाही मानायचं तर तिच्या तोंडावर म्हणायचं, पोरी, तुझं डोकं गेलंय, ते कसं गेलं हेच मी नऊ वर्षं शूट केलंय, आता गप्प बस. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण विहिरीत निदान पाणी असतं.

रात्रंदिवस डोक्यात हेच आहे. गल्लीत पाळण्यापासून शाळेपर्यंतची तीसेक पोरं आहेत. भट्टी हलली नाही तर तीही फळ्यापाशी उभी राहणार. एकीची लाज एका बाजूला आणि तीस डोकी दुसऱ्या बाजूला. तूच सांग, तराजू कुठं झुकतो?

मागच्या पत्रात एक लिहिलं नव्हतं. निघताना ती माझ्यामागे कोपऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "आत्या, तुम्ही मला तीनदा उभं केलं होतं. फिल्ममध्ये ते एकदाच दिसतंय."

इतकी लहान होती, मला वाटलं विसरली असेल.

आता तू हसू नकोस. पहिल्या वेळी माइकची वायर सैल होती, आवाज आलाच नाही. दुसऱ्या वेळी तो शिपाई कडमडला मधे. तिसऱ्या वेळी मला तिचा चेहरा जवळून हवा होता. यात काय चुकलं? आपला धंदाच तो आहे. पुन्हा एकदा म्हटलं नसतं तर हातात काय आलं असतं, खरखर? आणि तिन्ही वेळा ती बुधवारीच अडकली. तिन्ही वेळा! मी तिच्या तोंडून काही खोटं वदवलं नाही. मी फक्त तिन्ही जोडून एक केलं. तू तिसऱ्या वेळी कॅमेरा खाली घेतलास, म्हणालास की ताई, पुरे. आणि मी तो तुझ्या हातातून ओढून घेतला. सगळ्या वर्गासमोर. एवढ्यावरून माणूस चार वर्षं बोलत नाही?

तिचं तुझ्याशी पहिल्यापासून गूळपीठ. काका म्हटलं की तिला आभाळ ठेंगणं. तिला एक फोन कर. तिला सांग की त्या तीस पोरांसाठी एकदा 'हो' म्हण. माझ्यासाठी नको करू. मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही. लेन्सा सोडून.

ताई


बुधवार, ४ मार्च

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, पासपोर्ट फोटोचं रिकामं पाकीट, मागे एक ओळ: 'ती नाही म्हणाली ना? मग नाही.'

वा! चार वर्षांनी बंधुराजांनी तोंड उघडलं ते हे सांगायला. तुझं काय जातंय रे. लोकांना सांगायचं, मान सरळ, हनुवटी खाली, डोळे उघडे, झालं काम. तुझ्या फोटोतला माणूस घरी जातो आणि तू शटर ओढतोस. माझ्या फोटोतली माणसं शिशाची पूड खात तिथंच राहतात. उंटावर बसून शेळ्या हाकणं सोपं असतं, ढापण्या.

मी ठरवलंय. महोत्सवाला 'नाही' असं कळवलं. तुझ्या माहितीसाठी, मला पुरे दोन दिवस लागले ते पत्र लिहायला आणि पाठवल्यावर मी जेवले नाही. तीस वर्षं त्या दारात उभी होते, दार उघडल्यावर मीच मागे फिरले. पण कोर्टात देतेय. बंद खोलीत चालेल, न्यायाधीश, दोन वकील आणि आम्ही. बटणांच्या दुकानातलं कुणी तिथं येणार नाही. तिच्या आईने होकार दिलाय.

भिंगरीला सांगितलं नाही. सुनावणी झाल्यावर सांगेन. भट्टी बंद झाल्यावर तिचं तिला पटेल.

नियम अर्धाच मोडलाय, पुरता नाही.

ताई


शनिवार, २८ मार्च

ढापण्या,

काल सुनावणी झाली. हे पत्र पोचेतो तुला कळलंच असेल म्हणा. कसं कळलं असेल तेही मला आता माहीत आहे. तरी लिहिते, माझ्या तोंडून ऐक.

खोली लहान, खिडकीला जाळी, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. फिल्म सबंध बघितली सगळ्यांनी. शाळेच्या शॉटला न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. वकीलबाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला. मला वाटलं, झालं. आयुष्यभर ज्याच्यासाठी वणवण केली ते होतंय.

मग मालकाचा वकील उठला. मला वाटलं होतं आरडाओरडा करणारा कुणी असेल, पण हा कुणाच्याही मामासारखा, मऊ बोलणारा. त्याने मूळ टेपा मागवल्या होत्या, न कापलेल्या. देणं भाग होतं. त्याने शाळेची टेप लावली आणि चित्राकडे पाठ करून उभा राहिला, म्हणाला, आपण फक्त आवाज ऐकू या. आणि खोलीत माझा आवाज आला. "पुन्हा एकदा, बाळा. सुरुवातीपासून." थोड्या वेळाने परत तेच, "पुन्हा एकदा." मधे तुझा, "ताई, पुरे." आणि मग कॅमेरा हिसकल्याचा खडखडाट आणि पुन्हा मी, तीच, गोड आवाजात, "हं, सुरुवातीपासून."

माझा आवाज एवढा गोड आहे हे मला माहीत नव्हतं. दुकानदार बोलतो तसा.

त्याने मला विचारलं, वर्ग कितव्या वेळी हसला? मी म्हटलं, तिसऱ्या. पहिल्या वेळी? नाही. म्हणजे हसू तिसऱ्या वेळचं, अडकणं दुसऱ्या वेळचं आणि चेहरा आणखी कुठला, असंच ना? मी म्हटलं, पण ती अडकली हे खरं आहे. तो म्हणाला, असेल बाई, पण ते आम्हाला आता कसं कळायचं?

खरं होतं रे ते. नऊ वर्षांतली सगळ्यात खरी गोष्ट होती आणि मी तिला शिवण घालून ठेवली. हात दाखवून अवलक्षण.

मग त्याने भिंगरीला बोलावलं. मला कल्पनाच नव्हती की ती बाहेर बसलीय. आईला वाटलं बोलावलंय म्हणजे यायलाच हवं, आली घेऊन. निळा फ्रॉक, केस घट्ट बांधलेले. त्याने तिला पाणी दिलं. घाबरू नकोस म्हणाला. आणि विचारलं, आठवड्याचे वार येतात का?

ढापण्या, त्या क्षणी मी काय मनात आणलं ते मी कुणालाही सांगणार नाही. तुलाही नाही.

तिने सुरुवात केली. सोमवार, मंगळवार, बुधवार. थांबली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, सरळ, कॅमेऱ्यात बघायची तसं, आणि म्हणाली गुरुवार. मग शुक्रवार, शनिवार, रविवार, न थांबता. आणि कुणी विचारलेलं नसताना उलटे पण म्हणून दाखवले, रविवार ते सोमवार. न्यायाधीशबाई हसल्या. म्हणाल्या, "हुशार आहे की मुलगी."

त्या गल्लीतल्या पोरीला जन्मात पहिल्यांदा कुणी हुशार म्हटलं. तिच्या आईने तोंडाला पदर लावला, आनंदाने रडायला लागली. तिला कळलंच नाही की त्याच शब्दाबरोबर दावा बुडाला.

वकिलाने विचारलं, कुणी शिकवलं? तर म्हणाली, काकांनी. कुठले काका? कॅमेऱ्यावाले. फोनवर शिकवतात, दर रविवारी दुपारी.

दर रविवारी. चार वर्षं. तुझ्या अंधाऱ्या खोलीतून.

मला का नाही सांगितलंस? एक ओळ लिहिलीस पाकिटामागे, दुसरी लिहायला काय झालं होतं? 'तिला आता येतात वार' एवढंच. मी फिल्म कोर्टात दिली नसती. का तुला वाटलं, हे कळल्यावर मी तेही शूट करायला जाईन? पोर शिकतेय, फोन कानाला, उन्हाची तिरीप वगैरे?

गेले असते. खोटं कशाला बोलू, त्याच दिवशी गेले असते.

निकाल असा: फिल्म निवडून जोडलेली आहे, तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. नवी समिती नेमायची, नव्याने तपासण्या करायच्या. त्यांचा अहवाल येईतो भट्टी चालू राहील. वकीलबाईंनी कागद पिशवीत घातले आणि गेल्या.

बाहेर जिन्यात भिंगरी माझ्यासाठी थांबली होती. मला वाटलं, आता बोलेल, न विचारता कोर्टात दाखवलीत म्हणेल. मी तयारीत होते. पण तिने एवढंच विचारलं,

"आता बरोबर आलं ना, आत्या?"

मी हो म्हटलं. खूप छान आलं म्हटलं. मग ती आईबरोबर गेली आणि मी जिन्यातच बसून राहिले. झाडणाऱ्या बाईने उठवलं.

ताई


रविवार, १२ एप्रिल

ढापण्या,

आज गल्लीत गेले होते. कॅमेरा नेला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा रिकाम्या हाताने गेले, तर हात कुठं ठेवावेत तेच कळेना. शेवटी पिशवी धरून बसले म्हातारीसारखी. म्हातारीच आहे म्हणा.

दुसरी भट्टी बांधतायत. पहिलीच्या शेजारी, शाळेच्या बाजूला. मालकाला धीर आलाय. भिंगरीचा बाप आता दोन्हीकडे पाळी करतो आणि आल्या आल्या झोपतो, कपड्यांसकट.

वर्तमानपत्रात निकालाची चार ओळींची बातमी आली होती. बंद खोलीत चाललेलं सगळं, पण महोत्सवाच्या पत्रकातला फोटो त्यांना कुठून तरी मिळाला आणि त्यांनी तो छापला. फळ्यापाशी उभी भिंगरी. आता चार वर्षांनी मोठी झाली तरी चेहरा तोच. बटणांच्या दुकानात पोचला. मालकीण भली आहे, काढून नाही टाकलं. फक्त मोजायचं काम दुसऱ्या मुलीला दिलं. भिंगरी आता तिथं झाडू मारते आणि बरण्या पुसते. हे मला तिच्या आईने सांगितलं, चहा ओतता ओतता, नळाचं पाणी गेलंय सांगावं तशा आवाजात. भिंगरी माझ्यासमोर आली नाही. आत होती, भांडी लावत होती.

तू जिंकलास. तुझा 'मग नाही' बरोबर होता. आणि तरीही सांगते, मी दिली नसती तरी भट्टी विझली नसती. तू बरोबर, मी चूक, आणि धूर तेवढाच. हे कुणाला जाऊन सांगू? तूच आहेस, आणि तू बोलत नाहीस.

घरी त्या टेपा भिंतीला लागून आहेत, छतापर्यंत. विहीर, गिरणी, इस्पितळ, भट्टी. माणसं आहेत रे त्यात, सगळी तोंडं उघडून काहीतरी सांगतायत. मी त्यांना सांगत आले की तुम्ही बोला, त्याने फरक पडेल. परवा एका कॉलेजातून बोलावणं आलं, नियमावर बोला म्हणून. मी फोन ठेवून दिला. सकाळी उठते, आवरते, आणि दिवस कुठं ठेवावा ते कळत नाही. तुझ्यासारखं एखादं दुकान टाकावं तर मला माणसाला 'हनुवटी खाली' एवढंच सांगून सोडता येणार नाही. मी त्याला विचारत बसेन, काय झालं, कधीपासून.

पण लिहायचं ते हे नाही.

समितीने पोरांची रक्तं घेतली. धाकटीचा शिशाचा आकडा भिंगरीचा पहिल्या वर्षी आला होता तिथंच आहे, थोडा वरच. आईने मला ते सांगितलं आणि मग धाकटीला ओढून माझ्यासमोर उभं केलं, केसांवरून हात फिरवला, फ्रॉक नीट केला. म्हणाली, "आता हिची काढा. ही नाही म्हणायची नाही."

मी म्हटलं, मी सोडलं ते काम. ती म्हणाली, बरं. आणि पोरीला खेळायला सोडलं.

तेवढ्यात आत फोन वाजला. रविवार दुपार. मला कळलं, तू आहेस. भिंगरीने फोन उचलला, धाकटीला हाक मारून आत घेतलं आणि दार लोटून घेतलं. बरोबरच केलं तिने, माझ्यादेखत कशाला. पण फळकुटाचं दार, सगळं ऐकू येतं. आणि मला ऐकायची सवय, जात नाही.

भिंगरी तुला म्हणाली, काका, आजपासून हिला पण घ्या. मग धाकटीला म्हणाली, म्हण. धाकटी मोठ्या आवाजात म्हणायला लागली, शाळेत म्हणतात तशी. सोमवार. मंगळवार. बुधवार.

मग काहीच नाही. मी वाट बघितली. आत कुणी हसलं नाही, कुणी 'पुन्हा एकदा' म्हटलं नाही. भट्टीचा पंखा तेवढा ऐकू येत होता. बाहेर तिची आई आणि मी एकमेकींकडे न बघता बसलो होतो.

सहा वर्षांचं पोर, अडकणारच, म्हणशील. मीही तेच म्हटलं मनात.

मग भिंगरी म्हणाली, "काका, ही पण बुधवारलाच थांबली."

त्यावर तू काय म्हणालास ते मला बाहेर ऐकू आलं नाही. पाकिटामागे लिही, एक ओळ पुरे. तेवढं मला लिही.

ताई